वायुवर्णलेखन उपकरणातील गळती आणि दाबदोष

वायुवर्णलेखन उपकरणातील गळती आणि दाबदोष या सदरात, वाहक वायूच्या मार्गात निर्माण होणारी गळती, अडथळे आणि दाबनियंत्रणातील बिघाड, त्यांची लक्षणे व त्यांच्या शोधाच्या पद्धती यांचा समावेश होतो. वायुवर्णलेखन, म्हणजे प्रयोगशाळेच्या बोलीतील गॅस क्रोमॅटोग्राफी किंवा नुसते 'जीसी', हे बाष्पनशील पदार्थांच्या मिश्रणातील घटक वेगळे करून मोजण्याचे तंत्र आहे. यात नमुन्याची वाफ वाहक वायूबरोबर एका लांब, अरुंद नळीतून म्हणजे स्तंभातून वाहते. प्रत्येक घटक स्तंभातून बाहेर पडण्यास जो वेळ घेतो त्याला धारणकाल म्हणतात. धारणकालावरून पदार्थ कोणता हे ठरते आणि शिखराच्या क्षेत्रफळावरून तो किती हे कळते. दोन्ही निष्कर्ष वायूच्या प्रवाहावर विसंबून असल्यामुळे प्रवाहातील दोष थेट उत्तरात उतरतो. आधुनिक उपकरणांत पुष्कळदा असे घडते की गळती असूनही पडद्यावरील दाबाचा आकडा बरोबर दिसत राहतो.

पार्श्वभूमी

वाहक माध्यम म्हणून वायू वापरता येईल, ही कल्पना आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज यांनी १९४१ साली मांडली. विभाजन वर्णलेखनाबद्दल या दोघांना १९५२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी मार्टिन आणि अँथनी जेम्स यांनी बाष्पनशील मेदाम्लांचे वायू-द्रव वर्णलेखन प्रसिद्ध केले. आरंभीचे स्तंभ भुकटीने भरलेले आणि रुंद होते. त्यांतून मिनिटाला काही दशक मिलिलिटर वायू वाहत असे. मार्सेल गोले यांनी १९५७-५८ च्या सुमारास केशिका स्तंभ पुढे आणला आणि १९७९ मध्ये वितळलेल्या सिलिकेचे लवचिक स्तंभ आले. प्रवाह मिनिटाला एक-दोन मिलिलिटरपर्यंत खाली आला, तशी पूर्वी नगण्य वाटणारी गळती महत्त्वाची ठरली.

दाबनियंत्रणाची पद्धतही बदलली. जुन्या उपकरणात यांत्रिक प्रवाहनियंत्रक ठराविक वायू आत सोडी आणि काट्याचा दाबमापक स्तंभाच्या तोंडाशी दाब दाखवी. गळती झाली की काटा खाली येई आणि सर्व शिखरे उशिरा दिसू लागत. दोष आपण होऊन समोर येई. १९९० च्या दशकात इलेक्ट्रॉनिक दाबनियंत्रण रूढ झाले. हे नियंत्रण नेमून दिलेला दाब टिकवण्यासाठी झडपा स्वतः उघडते व मिटते. त्यामुळे धारणकालांची अचूकता फार सुधारली, पण लहान गळतीचे जुने लक्षण नाहीसे झाले.

वायूचा मार्ग

सिलिंडरमधून निघालेला वायू द्विस्तरीय रेग्युलेटरमधून आणि आर्द्रता, प्राणवायू व हायड्रोकार्बन शोषणाऱ्या गाळण्यांतून उपकरणात येतो. पुढे तो इनलेटमध्ये शिरतो. इनलेटच्या माथ्यावर सेप्टम नावाची सिलिकोन रबराची चकती असते. सुई तिच्यातून आत जाते. सेप्टमखाली काचेची नळी म्हणजे लायनर, त्याभोवती ओ-रिंग आणि तळाशी धातूची चकती असते. स्तंभाचे टोक खालून नट आणि फेरूल यांच्या साहाय्याने बसवलेले असते. फेरूल म्हणजे नट आवळल्यावर दबून स्तंभाभोवती घट्ट बसणारा लहानसा शंकू.

विभाजन पद्धतीत इनलेटमधील वायूला बाहेर पडण्यास तीन वाटा असतात: स्तंभ, विभाजन निकास आणि सेप्टम धुऊन काढणारा छोटा प्रवाह. नमुन्याचा लहानसा अंश स्तंभात जातो आणि उरलेला विभाजन निकासातून बाहेर टाकला जातो. अल्प प्रमाणातील घटक मोजायचे असतील तेव्हा अविभाजित पद्धत वापरतात. तीत सुरुवातीचा अर्धा-एक मिनिट विभाजन निकास बंद राहतो आणि जवळजवळ सर्व वाफ स्तंभात ढकलली जाते.

दाबाचा आकडा आणि प्रत्यक्ष प्रवाह

केशिका स्तंभातील प्रवाह बहुतेक उपकरणे मोजत नाहीत. ती तो गणिताने काढतात. स्तंभाची लांबी, आतील व्यास, तापमान, वायूची श्यानता आणि दोन्ही टोकांचे दाब यांवरून प्रवाहाचा आकडा पडद्यावर येतो. उदाहरणार्थ, ३० मीटर लांब आणि ०.२५ मिलिमीटर आतील व्यासाच्या स्तंभातून ५० अंश सेल्सियसला मिनिटाला १ मिलिलिटर हेलियम वाहण्यासाठी, बाहेरचे टोक वातावरणीय दाबावर असल्यास, इनलेटमध्ये वातावरणाहून सुमारे ८४ किलोपास्कल म्हणजे १२ पीएसआय अधिक दाब लागतो. हाच स्तंभ ओव्हनमध्ये मधोमध तुटला तरी इनलेटचा दाब ८४ किलोपास्कलच राहील आणि पडदा १ मिलिलिटरच दाखवील. उपकरणाला फक्त भरलेली माहिती ठाऊक असते. स्तंभ कापून आखूड केल्यावर नवी लांबी भरायची राहिली, तरी अशीच चूक होते.

गळतीचा हिशेब मांडण्यासाठी पुढील आकडे घेता येतील. स्तंभातून १, विभाजन निकासातून ५० आणि सेप्टमच्या वाटेने ३, असा मिनिटाला एकूण ५४ मिलिलिटर वायू इनलेटमध्ये येतो. येथे येणारा एकूण प्रवाह ठरलेला असतो आणि दाब टिकवण्याचे काम विभाजन निकासावरील झडप करते. आता मिनिटाला १० मिलिलिटरची गळती सुरू झाली, तर दाब उतरू नये म्हणून ती झडप थोडी मिटते आणि निकासातून ५० ऐवजी ४० मिलिलिटरच बाहेर पडतात. दाब बरोबर, एकूण प्रवाह बरोबर, धारणकालही बरोबर. पडद्यावर विभाजनाचे प्रमाण ५० : १ असेच राहते.

उत्तरावर होणारा परिणाम गळतीच्या जागेवर अवलंबून असतो. ती वर सेप्टमपाशी असेल, तर लायनरमधून ५१ ऐवजी ४१ मिलिलिटर वायू जातो आणि स्तंभाचा वाटा १/५१ वरून १/४१ होतो. आदर्श स्थितीत शिखरे सुमारे २४ टक्क्यांनी मोठी होतात. गळतीमुळे उत्तर वाढावे हे नवख्या विश्लेषकाला विपरीत वाटते. गळती तळाशी, स्तंभाच्या नटापाशी असेल, तर लायनरमधून ५१ मिलिलिटरच जातात आणि स्तंभाचा वाटाही तोच राहतो. शिखरांवर काहीच दिसत नाही, मात्र त्या फटीतून हवा आत येत राहते.

अविभाजित पद्धतीत चित्र पालटते. निकास बंद असताना लायनरमधून जवळजवळ स्तंभाइतकाच, म्हणजे मिनिटाला १ मिलिलिटर वायू सरकत असतो. तळाच्या नटापाशी तेवढ्याच १ मिलिलिटरची गळती असली, तर निम्मी वाफ स्तंभात न जाता बाहेर जाते. विभाजन पद्धतीत ज्या गळतीने काही बिघडत नाही, तीच येथे उत्तर अर्ध्यावर आणते.

अन्नातील कीटकनाशक-अवशेषांच्या तपासणीत याचे महत्त्व कळते. युरोपीय संघात ज्या कीटकनाशकासाठी स्वतंत्र मर्यादा ठरवलेली नाही, त्याला किलोग्रॅममागे ०.०१ मिलिग्रॅम ही सर्वसाधारण मर्यादा लागू होते. महाराष्ट्रातून निर्यात होणाऱ्या द्राक्षांना या मर्यादांतून जावे लागते. पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात यासाठीची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा आहे. इतक्या सूक्ष्म प्रमाणाच्या तपासणीत प्रमाणित द्रावण आणि नमुना या दोहोंवर गळतीचा परिणाम सारखाच होत असेल, तर चूक बऱ्याच अंशी कटते. पण नमुन्यांची रांग चालू असताना मध्येच सेप्टम फाटले, तर त्यानंतरची फळे कागदावर प्रत्यक्षाहून स्वच्छ ठरतात. म्हणून प्रमाणित द्रावण रांगेच्या आरंभी आणि शेवटीही तपासतात. ठाऊक प्रमाणात मिसळलेला आंतरिक प्रमाणक अशा हानीची बरीच भरपाई करतो, तरी हलक्या आणि जड घटकांची हानी सारखी नसल्याने ती पूर्ण होत नाही.

दाब न चढणे

गळती निकासाच्या प्रवाहाहून मोठी झाली की झडप पूर्ण मिटूनही दाब टिकत नाही. उपकरण 'तयार नाही' असा इशारा देते आणि काही वेळाने स्वतःहून बंद पडते. फाटलेले सेप्टम, बसवायची राहिलेली ओ-रिंग, तडकलेले लायनर आणि सैल नट ही याची नेहमीची कारणे आहेत.

दिवसा चालणारे उपकरण रात्री किंवा दोन नमुन्यांच्या मधल्या वेळेत बंद पडते, अशीही तक्रार असते. वायू वाचवण्याच्या सोयीमुळे विश्रांतीच्या काळात निकासाचा प्रवाह ५० वरून २० मिलिलिटरवर उतरतो. २५ मिलिलिटरची गळती ५० मध्ये लपते, २० मध्ये लपत नाही. येथे नियंत्रणाच्या इलेक्ट्रॉनिक फळीवर संशय घेण्याआधी सेप्टम पाहणे श्रेयस्कर.

दाब न चढण्याचे मूळ कधी उपकरणाच्या बाहेर असते. सिलिंडर संपत आलेले असणे, रेग्युलेटरचा बाहेरचा दाब कमी ठेवलेला असणे किंवा गाळणी चोंदलेली असणे, ही ती कारणे. ओव्हन तापत जातो तशी वायूची श्यानता वाढते आणि तोच प्रवाह राखण्यासाठी अधिक दाब लागतो. पुरवठ्याचा दाब जेमतेम असेल, तर थंड ओव्हनला उपकरण सुरळीत चालते आणि तापमान चढल्यावर अडते. प्रवाह स्थिर ठेवण्याच्या पद्धतीत तापमानाबरोबर इनलेटचा दाब वाढणे हा मात्र दोष नव्हे, ती अपेक्षित गोष्ट आहे.

दाब न उतरणे

इनलेटचा दाब नेमलेल्या आकड्याहून वर राहत असेल, तर वायूला बाहेरची वाट अपुरी आहे असे समजावे. विभाजन निकासाच्या नळीत नमुन्याचे जड घटक थंड होऊन साचतात आणि तिच्या टोकाशी असलेली कोळशाची गाळणी कालांतराने भरते. लायनरमध्ये काचलोकर दाबून भरली असेल तरी हेच होते. केवळ स्तंभ चोंदल्याने विभाजन पद्धतीत दाब वाढत नाही, कारण ५४ पैकी त्याचा वाटा एकच मिलिलिटर असतो. त्या वेळी दाब ठीक, पण शिखरे उशिरा येतात किंवा मुळीच येत नाहीत. स्तंभाचे टोक सॉल्व्हंटमध्ये बुडवून बुडबुडे येतात का पाहणे, ही यासाठीची जुनी आणि अजूनही उपयोगी चाचणी आहे.

गळतीची ठिकाणे

सर्वांत अधिक गळती सेप्टमपाशी होते. प्रत्येक टोचणीबरोबर चकती झिजते. वाकडी किंवा बोथट सुई आणि अति आवळलेला नट यांनी ती लवकर फाटते व तिचे कण लायनरमध्ये पडतात. गळते म्हणून नट आणखी आवळणे हा तात्पुरता आणि बहुधा घातक उपाय ठरतो.

फेरूलचा प्रकार कामानुसार निवडावा लागतो. ग्रॅफाइटचे फेरूल मऊ असते, सुमारे ४५० अंशांपर्यंत टिकते आणि पुन्हा वापरता येते. परंतु ते सच्छिद्र असल्याने त्यातून प्राणवायू झिरपतो आणि जास्त आवळल्यास त्याचे कण स्तंभात शिरतात. पॉलिइमाइड आणि ग्रॅफाइट यांच्या मिश्रणाचे फेरूल कठीण असते, सुमारे ३५० अंशांपर्यंत चालते आणि वस्तुमान वर्णपटमापकासाठी योग्य समजले जाते. त्याचा एक खोडसाळ गुण असा, की पहिल्या काही वेळा तापून निवल्यावर ते आकसते. सायंकाळी घट्ट बसवलेला नट सकाळी सैल सापडतो, तो कोणी हात लावल्यामुळे नव्हे. हे फेरूल काही तापचक्रांनंतर पुन्हा आवळावेच लागते. वीज खंडित होऊन ओव्हन एकाएकी निवल्यानंतरही हे सांधे तपासणे इष्ट असते.

नमुन्याची वाफ लायनरमध्ये न मावणे, हा गळतीचा आभास निर्माण करणारा दोष आहे. २५० अंशांना आणि वातावरणाहून ७० किलोपास्कल अधिक दाबाला १ मायक्रोलिटर पाण्याची सुमारे १.४ मिलिलिटर वाफ होते, तर ४ मिलिमीटर व्यासाच्या नेहमीच्या लायनरमध्ये जेमतेम १ मिलिलिटर मावते. उरलेली वाफ उलट्या वाटेने वायूच्या नळ्यांत शिरते. शिखरांची क्षेत्रफळे दरवेळी बदलतात, मागच्या नमुन्याचा अंश पुढच्यात दिसतो आणि विश्लेषक सर्व नट तपासत बसतो. येथे नमुना कमी टोचणे किंवा सॉल्व्हंट बदलणे हा उपाय.

हवेचा शिरकाव

आत दाब अधिक असताना बाहेरची हवा आत कशी येईल, हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. प्रत्येक वायूचे विसरण त्याच्या स्वतःच्या आंशिक दाबानुसार होते. बाहेर प्राणवायूचा आंशिक दाब सुमारे २१ किलोपास्कल असतो आणि शुद्ध हेलियममध्ये तो जवळजवळ शून्य. त्यामुळे सूक्ष्म फटीतून हेलियम बाहेर जात असतानाही प्राणवायू व पाण्याची वाफ थोड्या प्रमाणात आत झिरपतात.

तापलेल्या स्तंभातील लेपाचे प्राणवायूमुळे विघटन होते. पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे लेप याबाबतीत विशेष नाजूक असतात. वर्णलेखात आधाररेषा तापमानाबरोबर नेहमीपेक्षा अधिक वर चढते, शिखरांना शेपटी येते आणि महाग स्तंभ अकाली निकामी होतो. इलेक्ट्रॉन-ग्रहण अभिज्ञातकाची संवेदनशीलताही प्राणवायूमुळे घटते.

शोधाच्या पद्धती

आधी नुकता कोणता भाग हाताळला होता हे पाहावे. गळती बहुधा तेथेच असते. त्यानंतर सर्वांत खात्रीची रीत जमाखर्चाची. विभाजन निकास, सेप्टमची वाट आणि स्तंभाचे बाहेरचे टोक येथे प्रवाहमापक लावून तिन्ही आकड्यांची बेरीज करतात आणि ती पडद्यावरील एकूण प्रवाहाशी ताडतात. वरील उदाहरणात बेरीज ५४ ऐवजी ४४ आली, तर १० मिलिलिटर वायू चौथ्या वाटेने जात आहे. पडद्यावरील आकडे या बेरजेसाठी उपयोगाचे नाहीत, प्रत्यक्ष मोजमापच हवे.

दाबधारण चाचणीत स्तंभ काढून इनलेटचे तळाचे तोंड बिनछिद्र फेरूलने बंद करतात, निकास व सेप्टमची वाट बुजवतात, आत दाब भरतात आणि पुरवठा तोडून काही मिनिटे दाब किती घसरतो ते पाहतात. किती घसरण चालेल ते उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेले असते. दाब टिकला तर इनलेट निर्दोष, आणि दोष स्तंभाच्या जोडणीत.

गळतीची नेमकी जागा शोधण्यासाठी हातात धरण्याचे इलेक्ट्रॉनिक गळतीशोधक मिळते. ते वायूची औष्णिक संवाहकता मोजते. हेलियम व हायड्रोजन यांची संवाहकता हवेच्या सहा-सात पट असल्याने ते चटकन सापडतात; नायट्रोजनची हवेइतकीच असल्याने तो वाहक असताना हे साधन जवळजवळ निरुपयोगी ठरते. साबणाचे पाणी भिंतीवरच्या नळ्या व सिलिंडरच्या जोडण्यांपुरते ठीक आहे. इनलेट, अभिज्ञातक किंवा स्तंभाच्या सांध्यावर ते लावू नये. फटीतून आत गेलेला साबण पुढे अनेक दिवस वर्णलेखात दिसत राहतो.

वस्तुमान वर्णपटमापक जोडलेला असेल तर तोच उत्तम गळतीशोधक होतो. त्यात १८ या वस्तुमानाला पाणी, २८ ला नायट्रोजन आणि ३२ ला प्राणवायू दिसतो. २८ व ३२ यांची उंची साधारण ४ : १ असेल, तर हवा आत येत आहे. केवळ १८ मोठे असेल, तर ती गळती नसून आतली ओल असण्याचा संभव अधिक. संशयित सांध्यावर आर्गॉनचा हलका झोत सोडला आणि ४० चा आकडा उसळला, की जागा निश्चित होते.

स्तंभातील खरा प्रवाह पडताळण्यासाठी स्तंभात न थांबणारा वायू टोचतात. ज्वाला-आयनीभवन अभिज्ञातक असल्यास मिथेन, आणि तो नसल्यास लायटरमधील ब्युटेनही चालतो. आधी सांगितलेल्या ३० मीटरच्या स्तंभात हे शिखर सुमारे २ मिनिटांनी यायला हवे. ते बरेच आधी आले तर स्तंभ तुटला आहे किंवा त्याची लांबी चुकीची भरली आहे. उशिरा आले तर कुठेतरी अडथळा आहे.

हायड्रोजन वाहक असताना

हेलियम महाग व दुर्मिळ होत गेल्याने अनेक प्रयोगशाळा हायड्रोजन वापरू लागल्या आहेत. हायड्रोजनच्या बाबतीत गळती हा केवळ अचूकतेचा प्रश्न राहत नाही. हवेत त्याचे प्रमाण ४ ते ७५ टक्के यांच्या दरम्यान असताना मिश्रण स्फोटक असते, आणि त्याला रंग किंवा वास नाही. तुटलेल्या स्तंभातून तो बंद ओव्हनमध्ये साठू शकतो, जेथे तापलेली विद्युततार असते. म्हणून दाब न मिळाल्यास पुरवठा आणि ओव्हनची उष्णता आपोआप तोडणारी सोय चालू ठेवतात, काही ओव्हनमध्ये हायड्रोजन-संवेदक बसवतात आणि विभाजन निकास व सेप्टमची वाट नळीने धुराड्यात नेऊन सोडतात. दाबाच्या इशाऱ्यानंतर उपकरण पुन्हा पुन्हा चालू करून पाहण्याची सवय हेलियमबरोबर खपून जाते. हायड्रोजनबरोबर आधी सिलिंडरची झडप बंद करून, ओव्हनचे दार उघडून वायू निघून जाऊ द्यावा लागतो आणि स्तंभ डोळ्यांनी तपासल्यावरच पुरवठा पुन्हा सुरू करतात.